पालूसच्या टेकड्या आणि डॉक्टर डी यांचं फोल्डर

…नाही, पण येलोस्टोन कुठे पळून जातंय का? मागच्या पोस्टमध्ये मी या ट्रिपचा नुसता ओझरता उल्लेख केला, तर कमेंट्समध्ये तुम्ही सगळे तुटूनच पडलात. मेमोरियल डेचा तीन दिवसांचा वीकेंड हातात असताना येलोस्टोन सोडून रेडमंडहून पाच तास ड्राइव्ह करून, एक सिग्नलसुद्धा नसलेल्या गावात कोण जातं म्हणे. मी जाते! गेले, राहिले, परत आले, आणि आता सहा महिने होत आले तरी ते गाव डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज नीट सगळं लिहिते. गावाचं नाव लिहिणार नाही आणि माणसांची नावं बदललीयेत. का, ते पुढे कळेलच.

तर जायची कारणं दोन. पहिलं म्हणजे माझं नवीन वेड. ऑफिसमध्ये माझ्या शेजारच्या क्यूबमध्ये केली बसते. ती ऑस्ट्रेलियाची, कुठल्यातरी आतल्या छोट्या गावातली. तिची आई रिटायर झाल्यापासून गावातल्या थडग्यांवरची नावं उतरवून घेते, जुने पेपर चाळते, कोणाचा पणजोबा कुठून आला आणि कुणाशी भांडून पलीकडच्या गावात गेला, याचा हिशोब लावते. रोज लंचला तिच्या आईचे नवीन शोध ऐकून ऐकून मलाही चटक लागली. मी लगेच नागपूरला फोन करून बाबांना विचारलं, तुमच्या आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं, भावांचं नाव काय? बाबा म्हणाले, “आता हा कोणत्या व्हिसाचा फॉर्म आहे?”

दुसरं कारण म्हणजे निर्मलाकाकू देवपुजारी. मूळच्या आमच्या नागपूरच्या. सिएटलच्या गणपतीला त्या दरवर्षी एकट्या गाडी चालवत पाच तासांवरून यायच्या, तिथेच आमची ओळख झाली. त्यांचे मिस्टर डॉक्टर होते. १९७४ मध्ये दोघं नागपूरहून थेट त्या गावात आले, आणि काका जाईपर्यंत तिथे दुसरा डॉक्टर नव्हता. मागच्या मे महिन्यात काकूंचा फोन आला.

“अगं, तू तो ब्लॉग का काय ते लिहितेस ना? मला दोन पानं लिहून दे. इंग्लिशमध्ये. तू इंग्लिश मीडियमची ना?”

झालं असं होतं की गावाला शंभर वर्षं होत होती, म्हणून तिथली हिस्टॉरिकल सोसायटी पुस्तक काढत होती. गावात राहून गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला दोन पानं आणि एक फोटो. अट एकच, आपलं आपण लिहायचं. शेवटची तारीख मेमोरियल डेचा सोमवार, कारण त्या वीकेंडला बाहेर गेलेले सगळे लोक थडग्यांवर फुलं ठेवायला गावात परत येतात. आणि काकू तर घर विकून ऑगस्टमध्ये मुलीकडे, रश्मीकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला हर्नडनला चालल्या होत्या. कायमच्या.

“आत्ता नाही दिलं तर आम्ही तिथे राहिलोच नाही असं होईल गं,” काकू म्हणाल्या. “तेहेतीस वर्षं!”

त्यांनी स्वतः एक ड्राफ्ट केला होता, तो मला ईमेल केला. मी आणि माझी रूममेट प्राजू, दोघींनी वाचला आणि आडव्या पडलो. काकांचं नाव, एमबीबीएस फर्स्ट क्लास, अॅनाटॉमीत गोल्ड मेडल, कोणत्या सालात कोणती परीक्षा, मग अमेरिकेतल्या परीक्षा, मग मेंबरशिप्स. मग रश्मी, तिच्या डिग्र्या, तिची कंपनी. शेवटी काकूंबद्दल एक ओळ, “होममेकर”.

“गोत्र आणि उंची तेवढी राहिलीय,” प्राजू म्हणाली. “यार, हा लग्नाचा बायोडेटा आहे.”

हसू नका. मला सांगा, आपल्यापैकी कोणीही स्वतःबद्दल लिहायला बसलं तर याशिवाय काय लिहील?

शनिवार

सहाला निघायचं ठरलं होतं, प्राजूमुळे साडेसात वाजले. आय-९० वर स्नोक्वाल्मी पासच्या घाटापर्यंत आपला नेहमीचा पाऊस. पास ओलांडला की पाऊस बंद, आणि हळूहळू झाडंही बंद. एलेन्सबर्गला कॉफी घ्या, पाय मोकळे करा. व्हँटेजला कोलंबिया नदीचा पूल लागतो, त्याच्या आधी व्ह्यूपॉइंटला थांबाच. खाली एवढी मोठी निळी नदी आणि दोन्हीकडे काळे कडे, झाड एक नाही. पूल ओलांडल्यावर लगेच आय-९० सोडून हायवे २६ धरायचा. ऑथेलोला रस्त्याकडेला टाको ट्रक दिसतात. आमच्या दोघींचं जेवण दहा डॉलरच्या आत झालं आणि हिरवी चटणी खाऊन प्राजूच्या डोळ्यांत पाणी आलं. इथेच पेट्रोल भरून घ्या. पुढे बराच वेळ पंप नाही, माणूस नाही, फोनला रेंजही नाही.

आणि मग पालूस नावाचा भाग सुरू होतो. कसं सांगू? टेकड्या आहेत, पण दगडाच्या नाहीत, मातीच्या, मऊ. कोणीतरी भलीमोठी हिरवी चादर झटकली आणि ती खाली बसायच्या आत तशीच राहिली, असं वाटतं. सगळीकडे गहू, मधे मधे मसूर आणि वाटाण्याची शेतं, त्यांचा हिरवा वेगळा. मेच्या शेवटी किंवा जूनमध्येच जा, ऑगस्टमध्ये सगळं पिवळं होतं म्हणे. वेळ असेल तर स्टेप्टो ब्यूटवर गाडी वरपर्यंत जाते. रस्ता टेकडीला गोल गोल गुंडाळलेला आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावं. (हे मी प्राजूला आधी सांगायला हवं होतं.)

गावात एक मुख्य रस्ता, धान्याचं उंच कोठार, एक कॅफे, दोन चर्च, एक बँक. काकू दारातच उभ्या होत्या, सलवार कुर्त्यावर बागकामाचे बूट. आत गेल्या गेल्या आमटीचा वास. मसुराची आमटी, शेतातून आलेल्या मसुराची, आणि आमसुलाऐवजी आंबटपणासाठी मागच्या अंगणातल्या रुबार्बचे देठ. मी तीन वाट्या प्यायले.

“चर्चच्या बायकांच्या कुकबुकमध्ये आहे ही,” काकू म्हणाल्या. “त्यांनी त्यात मार्शमेलो नाही घातले एवढंच नशीब.”

जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि प्रश्न विचारायला लागले. पहिला दिवस कसा होता? कोण भेटलं? काकू म्हणायच्या, “त्यात काय सांगायचं, सगळे चांगले होते.” मी विचारायचे, म्हणजे कोण? “सगळेच गं.” आणि फिरून गाडी गोल्ड मेडलवर. तासाभराने माझ्याकडे चार ओळी होत्या. काकूच मग म्हणाल्या, उद्या म्युझियममध्ये जाऊ, डोरथीकडे आमचं फोल्डर आहे, त्यात काहीतरी असेल.

रविवार

म्युझियम म्हणजे जुन्या बँकेची एका खोलीची इमारत. तिकीट नाही, दाराशी बरणी आहे, त्यात वाटेल ते टाका. एरवी फक्त शनिवारी उघडं असतं, पण या वीकेंडला रोज. आत नांगर, लग्नाचे झगे, शाळेचे बाक, आणि मागच्या भिंतीला ओळीने राखाडी लोखंडी कपाटं. त्यांची मालकीण म्हणजे डोरथी. वय सत्तरीच्या पुढे, शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झालेली, काकूंची सगळ्यात जवळची मैत्रीण. काकूंना ती “निम” म्हणते. (त्या दोघींचं सगळं बोलणं इंग्लिशमध्ये, मी इथे मराठीत लिहितेय.)

“प्रत्येक कुटुंबाचं एक फोल्डर,” तिने आम्हाला समजावलं. “जे येईल ते ठेवायचं. फेकायचं काही नाही. हा माझा नियम आहे, सगळं गाव वैतागलंय.”

देवपुजारी फोल्डर जाड होतं. गावात सगळे काकांना “डॉक्टर डी” म्हणायचे, तेच लेबल. आणि आत खजिना! गावाच्या साप्ताहिकात पूर्वी कोण कोणाकडे जेवायला गेलं हेसुद्धा छापून यायचं. “डॉक्टर आणि मिसेस डी रविवारी अमुक यांच्याकडे पाहुणे होते. मिसेस डी यांनी लिंबाचं लोणचं आणलं होतं. मिस्टर अमुक आता बरे आहेत.” प्राजू हे मोठ्याने वाचत होती आणि काकू हसून हसून टेबलावर डोकं टेकवत होत्या. सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटून राख या गावापर्यंत आली, भर दिवसा अंधार झाला, तेव्हा काका तोंडाला ओला रुमाल बांधून दम्याच्या म्हाताऱ्यांच्या घरोघर फिरत होते, त्याचा फोटो. रश्मी शाळेच्या नाटकात कणसाच्या वेशात, तो फोटो. मी धडाधड टाइप करत होते. हे होतं ते पान! बायोडेटा नव्हे, हे.

मग फोल्डरच्या अगदी तळाशी एक टाइप केलेला कागद मिळाला. कार्बन कॉपी होती. १९७४, दवाखान्याच्या बोर्डाला उद्देशून. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि माझा आवाजच चढला.

“ओ माय गॉड, काकू, हे बघा काय मिळालं!”

आणि मी वाचलं. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं. आम्ही खाली सही करणारे बोर्डाला विनंती करतो की गावासाठी आपल्यातला डॉक्टर शोधावा. आमच्या बायकामुलांना परक्या माणसाच्या हातात द्यायची आमची तयारी नाही. खाली तीन कॉलममध्ये सह्या. प्राजूने टेबलाखालून मला लाथ मारली, पण मी पूर्ण वाचूनच थांबले. खरं सांगते, त्या क्षणी मला तो कागद म्हणजे नुसता एक ग्रेट सापडलेला डॉक्युमेंट वाटला. समोर कोण बसलंय हे डोक्यातच नव्हतं.



“पहिली सही कोणाची आहे?” डोरथीने विचारलं. माझ्याकडे न बघता.

“वॉल्टर… आडनाव नीट लागत नाहीये.”

“लागेल. माझे वडील.”

मला जमीन फाटेल तर बरं असं झालं. काकू थर्मासचं झाकण लावत होत्या. ते पूर्ण घट्ट बसेपर्यंत त्यांनी फिरवलं, मग म्हणाल्या, “माहितेय मला, डोरथी.”

“काय माहितेय?”

“हा कागद. पहिल्याच आठवड्यात बोर्डाच्या चेअरमनने ह्यांना दाखवला होता. म्हणाला, डॉक्टर, कोणाच्या घरात पाय ठेवताय ते माहीत असलेलं बरं. ह्यांनी घरी येऊन मला सगळी नावं सांगितली. पाठच झाली होती त्यांना.”

“म्हणजे तेहेतीस वर्षं तुला माहीत होतं? तू माझ्याबरोबर पत्ते खेळत होतीस, निम!”

“मग काय करू? पत्ते चांगले खेळतेस तू.”

डोरथी हसली नाही. “आणि बाबांची शुगर? शेवटची दोन वर्षं तर डॉक्टर रोज घरी यायचे.”

“पेशंट होते ते.”

“बाबा कधी काही बोलले? माफी वगैरे?”

काकूंनी जरा विचार केला. “दरवर्षी कापणी झाली की आमच्या मागच्या दाराशी मसुराचं एक पोतं ठेवायचे. चिठ्ठी नाही, काही नाही. ती माफी होती की नुसती गावाची पद्धत, मला काय माहीत. शेतातलं काही ना काही तर आम्हाला सगळेच द्यायचे.”

मग डोरथीने सांगितलं. वडील गेल्यावर टेबलाच्या खणात तिला ही कॉपी सापडली. जाळायला घेतली होती, काडी पेटवली होती. पण सगळ्या गावाला आपणच सांगत फिरतो, काही फेकू नका, आम्हाला आणून द्या; आणि पहिला स्वतःचाच कागद जाळायचा? म्हणून तिने तो इथे आणून ठेवला.

“पण ठेवला तुमच्या फोल्डरमध्ये,” ती म्हणाली. “आमचं फोल्डर दोन खण पलीकडे आहे. तिथे ठेवायला हात धजला नाही. सही माझ्या बापाची आणि कागद तुमच्या नावावर. सतरा वर्षं मी वाट बघतेय की कोणीतरी हे उघडेल आणि मला विचारेल.”

“मग झालं ना, विचारलं या मुलीने,” काकू म्हणाल्या. “ठेव परत. चला गं, कॅफे बंद होईल.”

“नाही. आता हे पुस्तकात यायला हवं,” डोरथी म्हणाली.

“माझ्या पानावर नाही,” काकू म्हणाल्या आणि उठल्या.

(कॅफेतली रुबार्ब पाई छान होती म्हणे. आम्ही तिघी गेलो, मी नुसती कॉफी घेतली. तुम्ही गेलात तर दुपारी दोनच्या आत जा, पाई संपते.)

संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून आम्ही काकूंची दोन पानं पूर्ण केली. लोणचं, राख, कणीस, सगळं आलं. पहिल्या हिवाळ्यात बर्फात गाडी अडकली तेव्हा एका शेतकऱ्याने काकांना ट्रॅक्टरवर बसवून बाळंतपणाला नेलं, तेही आलं. गोल्ड मेडलची ओळ मी कापली होती, काकूंनी परत टाकायला लावली. “राहू दे. ते खरंच मिळालं होतं त्यांना.”

कागदाचं मात्र मी पुन्हा काढलंच. म्हटलं, काकू, त्याच्याशिवाय हे अर्धंच वाटतं. लोकांना कळायला हवं ना, काका कशातून गेले ते.

“तू झोप आता,” काकू म्हणाल्या. घड्याळात साडेआठ वाजले होते आणि बाहेर अजून उजेड होता.

सोमवार

सकाळी कॉफीच्या रिकाम्या डब्यांना चांदीचा कागद गुंडाळायचं काम आम्हाला मिळालं. तिथे मेमोरियल डेला थडग्यांवर अशा डब्यांत घरच्या बागेतली फुलं ठेवतात. दुकानातली आणली तर लोक नाकं मुरडतात. काकूंच्या गाडीत जांभळे आयरिस आणि गुलाबी पिओनी भरलेले चौदा डबे होते. मला समजेना, कारण काकांची राख तर स्नेक नदीत सोडली होती, त्यांचं थडगं नाहीच.

“ह्यांचे पेशंट,” काकू म्हणाल्या. “ज्यांचं आता गावात कोणी नाही ते. ह्यांच्यानंतर मी करते.”

स्मशानभूमी टेकडीवर आहे, चारी बाजूंनी गहू. जत्रेसारखी गर्दी, म्हाताऱ्या बायका, लहान मुलं, फोल्डिंगच्या खुर्च्या, कुत्री. लोक येऊन काकूंना मिठ्या मारत होते. एका दाढीवाल्या दांडग्या माणसाने मला सांगितलं, “डॉक्टर डी यांच्या हातात जन्मलो मी. माझी तिन्ही भावंडंही.” मी त्याचं आडनाव विचारलं आणि ते कालच्या यादीत होतं. दुसऱ्या कॉलममध्ये. 

डोरथी तिच्या वडिलांच्या थडग्यापाशी गुडघ्यावर बसून गवत उपटत होती. काकू तिच्या शेजारी बसल्या. मी आणि प्राजू डबे धरून मागे उभ्या.

“मी ठरवलंय,” डोरथी म्हणाली. “आमच्या पानावर लिहिणार. दोन ओळी. त्यांनी सही केली होती आणि ते चुकले होते.”

“लिहू नकोस.”

“का? तुझ्या पानावर नको म्हणालीस. हे माझं पान आहे.”

“तुझा भाऊ काय म्हणेल? तो अजून त्याच शेतावर आहे.”

“ओरडेल. साठ वर्षं ओरडतोच आहे.”

काकूंनी एक पिओनी डब्यात सरळ केली. “डोरथी, ऐक. तेहेतीस वर्षं मी या गावात डॉक्टरांची बायको होते. त्या दोन ओळी तू लिहिल्यास की उद्यापासून मी ती बाई होईन जी गावाला नको होती. लोक राखेचं विसरतील, बाळंतपणं विसरतील. हेच लक्षात ठेवतील. मला दयेचं पान नकोय.”

“दया नाहीये ती, निम. ही तुझी गोष्ट नाहीच. आमची आहे. चूक आम्ही केली.”

“आणि रश्मी? तिला यातलं काही माहीत नाही. ती इथे मोठी झाली, तिचं गाव आहे हे. ती पुस्तक वाचणार. तिचं गाव तिला तसंच राहू दे ना.”

डोरथीने उपटलेलं गवत बाजूला टाकलं. मग म्हणाली, “माझं गावही मला तसंच हवं होतं. बापाचा खण उघडेपर्यंत.”

मला वाटलं आता दोघी रडतील किंवा भांडतील. तसं काही झालं नाही. काकूंनी एक डबा वॉल्टरच्या थडग्यावर ठेवला, तो वाऱ्याने कलला, डोरथीने त्यात दोन खडे टाकले. “वाळू घालून आणायचं, दरवर्षी सांगते तुला,” ती म्हणाली. “दरवर्षी विसरते,” काकू म्हणाल्या. आणि दोघी पुढच्या थडग्याकडे गेल्या.

दुपारी म्युझियममध्ये काकूंची दोन पानं डोरथीच्या हातात दिली. तिने उभ्या उभ्या वाचली, गोल्ड मेडलपाशी हसली, तारखेचा शिक्का मारला. पुस्तकाचे आगाऊ पस्तीस डॉलर मी पण भरले. निघताना बघितलं तर डोरथीने तो कागद डॉक्टर डी फोल्डरमधून काढला होता आणि दोन खण पलीकडे उभी होती. खण उघडा होता. त्यापुढे काय झालं ते आम्ही पाहिलं नाही, येताना ट्रॅफिक लागेल म्हणून प्राजू हॉर्न वाजवत होती.

(लागलाच. पासवर दीड तास. सोमवारी परतत असाल तर सकाळीच निघा.)

घरी

पुस्तक मागच्या आठवड्यात पोस्टाने आलं. जाड, निळं कव्हर. मी आधी देवपुजारींचं पान काढलं. फोटोत काका-काकू त्यांच्या पहिल्या गाडीपाशी, काकू नऊवारीत नाही हं, चक्क बेलबॉटममध्ये. एकही शब्द बदललेला नाही. कागदाचा उल्लेख नाही.

मग डोरथीच्या माहेरचं पान. गहू, घोडे, पहिली कापणी यंत्रं. आणि शेवटी दोन ओळी. १९७४ मध्ये आमच्या वडिलांनी गावातल्या नवीन डॉक्टरविरुद्धच्या अर्जावर पहिली सही केली. त्याच डॉक्टरांनी पुढे त्यांची पंधरा वर्षं काळजी घेतली, आणि हे आम्ही इथे लिहून ठेवतो. बस.

मी टाळ्या वाजवणार होते. केलीला तर फोटो काढून पाठवलासुद्धा. तिच्या आईचं उत्तर आलं, “ब्रेव्ह वुमन”. मग मी हर्नडनला काकूंना फोन केला.

“बघितलं,” काकू म्हणाल्या. “सांगितलं होतं तिला, नको म्हणून.”

डोरथीचा भाऊ तिच्याशी बोलत नाहीये. थँक्सगिव्हिंगला तिला शेतावर बोलावलं नाही. काकू दर रविवारी तिला फोन करतात, तासभर गप्पा होतात, पुस्तकाचा विषय दोघी काढत नाहीत. आणि रश्मीने पुस्तक हातात घेतल्यावर आधी स्वतःचं पान वाचलं नाही, लहानपणीच्या सगळ्या ओळखीच्या लोकांची पानं वाचत सुटली. तिथे तिला ते सापडलं.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, आई, म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं?” काकू म्हणाल्या. “मग मला म्हणाली, तू मला का नाही सांगितलंस. डोरथीवर नाही गं चिडली. माझ्यावर चिडलीये.”

मी म्हटलं, काकू, मी तो कागद मोठ्याने वाचला नसता तर.

“तर दुसऱ्या कोणीतरी वाचला असता. तो नियमच आहे ना तिचा, फेकायचं काही नाही.” मग त्या जरा हसल्या. “ब्लॉगवर लिही हवं तर. मराठीत लिही म्हणजे झालं, तिथे कोण वाचतंय.”

म्हणून लिहिलं. मी मे महिन्यात शंभर टक्के डोरथीच्या बाजूने होते. आता मला खात्री नाही. तो कागद डोरथीच्या बापाच्या सहीचा होता, म्हणून तिचा. पण तो देवपुजारींबद्दल होता, म्हणून त्यांचाही. आणि रश्मीला कोणी विचारलंच नव्हतं. तुम्ही सांगा, प्लीज खरंखरं सांगा, काकू नको म्हणत असताना डोरथीने त्या दोन ओळी छापायला हव्या होत्या का?